बेचाळीस उत्तम गुडघे

कृत्रिम गुडघ्यांचा अभ्यास तिघांनी मिळून केला, पण तिघांचे तक्ते जुळवायचं लचांड मात्र मदतनीस बाईंच्या गळ्यात पडलं. गुडघे तेच साठ, पण मतं तीन. इंजिनिअर म्हणाले, "तसलाच सांधा आम्ही यंत्रात दहा लाख पावलं चालवला, साधा ओरखडा नाही." भौतिकशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "एक्स-रे बघा, बरेचसे सांधे केसभर तिरके बसलेत. दुखणारच." आणि सर्जनसाहेबांनी तर साठपैकी बेचाळीस जणांपुढे डोळे झाकून 'उत्तम' लिहून टाकलं होतं.

बाईंचं डोकं गरगरायला लागलं. शेवटी तीन जिने चढून, धापा टाकत त्या सर्जनसाहेबांच्या दवाखान्यात पोचल्या.

"साहेब, या बेचाळीस जणांना तपासलंत कधी?"

"तपासायचंय काय त्यात? ऑपरेशननंतर एकदाही इथे फिरकले नाहीत. दुखत असतं तर आले नसते का?"

मुद्दा बिनतोड होता. तरी बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. बाहेर येऊन त्यांनी यादीतल्या पहिल्या आजींना फोन लावला.

"आजी, गुडघा कसा आहे?"

"कसला गं गुडघा! खुर्चीतून उठताना ब्रह्मांड आठवतं."

"अहो, मग डॉक्टरांना दाखवायला का नाही आलात?"

"त्या तिसऱ्या मजल्यावर? लिफ्ट नसताना? अगं बाई, गुडघा बरा असता तर आले नसते का?"