भरला हंडा

पेट्रोलपंपामागच्या बोअरमध्ये प्रमिलाबाईंनी दोराने नळीसारखा अरुंद पोहरा सोडला. टाकीतलं डिझेल जमिनीत झिरपतंय का तपासायला त्या धुळ्याहून आल्या होत्या. पहिलं पाणी नितळ निघालं. "भरा बाटली, मोकळ्या व्हा," पंपमालक म्हणाला. त्यांनी ते ओतून दिलं. साचलेलं उपसल्याशिवाय जमिनीतलं खरं पाणी येत नाही. आपल्या विहिरीवरून भरला हंडा घेऊन चाललेली शेजारची तानुबाई कळवळली. "ऐन उन्हायामा इतलं पानी फेकतस? आमनी हिर आटी ऱ्हायनी!" प्रमिलाबाईंचे तळहात सोलवटले, तरी त्या उपसत राहिल्या. अखेर पोहऱ्यातून डिझेलचा भपकारा आला. त्यांनी बाटली काठोकाठ भरून बूच लावलं. मालक आत सटकला. तानुबाईने पोहरा हुंगला, मग आपला हंडा. "माले वाटे, कंदील पुसेल हातना वास शे." तिने हंडा तिथेच पालथा केला अन् दोर उचलला. "चाला बाई, आते मनी हिर."