भरतीचं पाणी

खाडीच्या शुद्धीकरण समितीची ती अध्यक्ष होती. मुदत संपत आली, तरी नदीकाठच्या वरच्या गावांचं सांडपाणी अजून खाडीतच उतरत होतं. "मॅडम, नमुने भरतीला घेऊ या. समुद्राचं पाणी आत शिरलं की रिपोर्ट कसा झक्कास येतो बघा!" सहायक म्हणाला आणि तिने मान डोलावली. 'आपली खाडी स्वच्छ झाली,' असं टीव्हीवर सांगताना तिची जीभ जराही अडखळली नाही.

घरी आली तर पिल्लू सासूबाईंच्या मांडीवर पेंगत होतं. "आज एवढ्या लवकर झोप?" तिने विचारलं.

"पोट टम्म भरलंय लबाडाचं! तुझ्या धाकाने इतके दिवस खाडीतलं काही घरात आणलं नव्हतं. आज टीव्हीवर तूच म्हणालीस, मग काय! शिंपल्यांचं सूप दोन वाट्या प्यायलं माझं पाखरू."