मागचं कॅरिअर

बोर्डीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून जुन्या झालेल्या चारचाकी मोटारसायकली तुषारशेठने विकायला काढल्या होत्या. उमेशचा जीव लाल गाडीवर जडला.

"मनालीच्या बर्फात चाललीय ही! तुमच्या तलासरीच्या चिखलाचं काय घेऊन बसलास?" शेठ म्हणाला.

पाऊस लागला की पाड्यापासून सडकेपर्यंत नुसता चिखल, म्हणून गाडी आजच न्यायची होती. पण त्याचा थोरला भाऊ सुकऱ्या लालकडे बघेचना. गेल्या पावसात बायको, जिवली, बाळंतपणात गेल्यापासून तो बोलायचाही कमीच. मागे लांब कॅरिअर असलेल्या एका पोचे पडलेल्या गाडीभोवती तो घुटमळत राहिला.

"दादा, भाताच्या गोणी कशावरही मावतात. चल लवकर, सुषमा घरी एकटी आहे. आठवा लागलाय तिला." उमेशला बायकोची काळजी होती.

सुकऱ्या कॅरिअरवर चढला आणि चक्क उताणा झोपला.

"अरे, गाडी घेतोस का खाट?" शेठ खो खो हसला.

उमेश ओशाळला. "ऊठ ना दादा, लोकं बघतात!"

"चालव. त्या दगडांवरून ने."

उमेशने रागारागाने गाडी दामटली. दगडांवर ती आदळत होती, पण मागून 'हळू' म्हणून शब्द येईना. शेवटी त्यानेच घाबरून ब्रेक दाबला आणि वळून पाहिलं. सुकऱ्या दोन्ही हातांनी दांड्या धरून तसाच आडवा होता.

"हीच घे," तो म्हणाला. "हिच्यावर पाय सरळ करता येतात. झोळीतून दवाखान्यात नेताना जिवलीला येत नव्हते."