उरलेला हात

वेधशाळेतले संगणक सगळ्यांचे, म्हणजे कुणाचेच नव्हते. पण खिडकीजवळच्या संगणकाचा माऊस रोज सकाळी डावीकडे सरकलेला सापडायचा.

“कोण रे हा डावखुरा?” साहेबांनी विचारलं.

“माऊसच तो साहेब, फिरायचाच,” ऑपरेटर म्हणाला.

शेजारच्या संगणकावरचा संशोधक मात्र हसला नाही. वेधशाळेत डावखुरी एकच होती, त्याची बायको, आणि ती मागच्या वर्षी वारली होती. ती डावीकडे, तो उजवीकडे, अशी दोघं ताऱ्यांचे फोटो तपासत बसायची. तिचा डावा हात माऊसवर, त्याचा उजवा, आणि उरलेले दोन टेबलाखाली एकमेकांत. साहेब पाहुण्यांना सांगायचे, “एकाग्रता बघा!”

ती गेल्यापासून त्याचा डावा हात बेकार होता.

आज सगळे जेवायला गेले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशी माऊसची टिकटिक सुरू झाली.

मान वळवायचा त्याला धीर होईना. “जेवलीस का गं?” त्याने पडद्याकडे बघतच विचारलं.

टिकटिक थांबली.

त्याने डावा हात हळूच टेबलाखाली सोडला. हाताला काहीच लागलं नाही. काय हा वेडेपणा, असं म्हणत त्याने मूठ मिटायला घेतली.

मूठ मिटेना.