आतल्या खिशावरचं साल

फाटलेलं अस्तर बदलताना शिंप्याला कोटाच्या आतल्या खिशावर वडिलांनी रेशमानं भरलेलं साल दिसलं: १९७८. शिवल्याचं साल भरायची वडिलांची रीत, त्याखाली दुरुस्तीचं साल भरायची त्याची. त्यानं २०२५ भरलं आणि खिशावर वजाबाकी मांडल्यासारखं दिसू लागलं. “सत्तेचाळीस वर्षं!” तो पुटपुटला. गेलेले वडील जणू आत्ताच सुई खोचून उठले होते. कोट न्यायला आलेल्या आजींनी खालचं साल बोटानं झाकलं. “बाळा, एवढं उसव.” “का हो, आजी?” “आमचे हे सगळं विसरलेत. रोज संध्याकाळी वरचं साल वाचतात, कोट चढवतात आणि मला पहिल्यांदा भेटायला निघतात. मग मी मागच्या दारानं लगबगीनं जाऊन कोपऱ्यावर उभी राहते.” शिंपी टाके काढू लागला. “या वयात पोचायला उशीर होत असेल.” “होतो की!” आजी लाजल्या. “तेव्हाही झालाच होता.”