उलटा बोर्ड

"आता काय खुपतंय तुला?" मृणालने कॉम्प्युटरलाच विचारलं. सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर ती नुकतीच शिकत होती. एक रेघ ओढावी, तर तिथे लाल फुली उमटत होती.

सासऱ्यांना अजिबात ऐकू येत नसे. बेल दाबली की त्यांच्या खोलीत दिवा लागावा, एवढंच तिला हवं होतं.

"बाजारात तयार मिळतं की," नवरा म्हणाला.

"मिळू दे. मी स्वतःच बनवणार," ती फणकारली.

अखेर सगळ्या फुल्या गेल्या. बोर्ड कारखान्यातून बनून आला, आणि तिने कपाळावर हात मारला. आरशात दिसावा तसा सगळा आराखडा उलटा आखला गेला होता. चिपचे पाय भलत्याच भोकांत जात होते. वैतागून तिने बोर्ड टेबलावर आपटला.

तो पालथा पडला. ती बघतच राहिली. मागच्या बाजूने भोकं बरोबर जुळत होती!

सगळे भाग तिने मागूनच बसवून सोल्डर केले. मग बोर्ड बेलला आणि सासऱ्यांच्या खोलीतल्या दिव्याला जोडून तिने बाहेर जाऊन बेल दाबली.

सासऱ्यांनी लगबगीने दार उघडलं. तिला बघून ते वैतागले. "दिवा लागला म्हणून धावत आलो. किल्ली विसरलीस वाटतं?"