पहिला नग मारुतीचा

"इथं सही करा, काका," अपेक्षा म्हणाली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

कायद्याच्या चौथ्या वर्षाला असलेली ही पोरगी. बालाघाटच्या एका पेटंट सल्ला केंद्रात दोन महिने शिकायला आलेली. साहेबांनी तिला कटंगीजवळच्या या गावात पाठवलं ते वाईट बातमी द्यायला. भोजराज लोहारानं धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उभ्याउभ्या निंदण करायचं अवजार बनवलं होतं, बायकोची कंबर दुखते म्हणून. पण अर्ज करायच्या कितीतरी आधीच शहाण्यानं ते अख्ख्या गावाला दाखवून टाकलं. आधीच उघड झालेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही. अर्ज मागे घ्यायचा, फाइल बंद.

त्यात दुसरं संकट. अगदी तस्संच अवजार एका कंपनीनं आपलं म्हणून पेटंटला टाकलं होतं. त्यांना ते मिळालं, की भोजराजला स्वतःच्या भट्टीवर स्वतःचंच अवजार घडवायची चोरी!

"पण दाखवलंत कशाला?" अपेक्षा चिडून म्हणाली.

"आमच्या घरची चाल हाय, बाई. नव्या अवजाराचा पहिला नग मारुतीच्या देवळात ठेवाचा. ज्याले लागन त्यानं न्यावा, वापरून परत ठेवावा. मंगच दुसरा घडवाचा." भोजराजनं पेन उचललं.

सत्यभामाबाईनं नवऱ्याचा हात धरला. "थांबा जी. पहिलेच दाखवलं म्हणून आमचं गेलं. मंग त्यायनं आमच्या मागून अर्ज केला, तं त्यायचं कसं होते वो बाई?"

अपेक्षा ताडकन उठली. वर्गात हेच तर घोकलं होतं! चपला तिथंच टाकून ती देवळाकडे पळाली.

अवजार कोपऱ्यात उभं होतं. वापरून वापरून दांडा गुळगुळीत झालेला. पात्यावर, भांड्यांवर टाकतात तसं, ठोकून नाव घातलेलं: भोजराज, हनुमान जयंती, २०२१. कंपनीचा अर्ज त्यानंतर दोन वर्षांनी आलेला. आणि साक्षीला सगळा गाव.

तिनं देवळाच्या पायरीवर बसूनच कंपनीविरुद्धची हरकत लिहून काढली. भोजराजनं अर्ज मागे घ्यायच्या आणि हरकतीच्या, दोन्ही कागदांवर सही केली.

"मंग आता हे माह्यं झालं?"

"नाही काका. तुमचं नाही आणि त्यांचंही नाही. कोणीही घडवावं, कोणीही वापरावं."

भोजराज मोठ्यानं हसला. "अवं पोरी, मंग ठेवतानी मारुतीले मी दुसरं का सांगतलं होतं?"